आवडीवरचा आळ

महाड,
पौष, १९६२

प्रिय राही,

तुला आणि तुझ्या बाळीला तुळसाचा नि माझा आशीर्वाद. तुला दुसरी मुलगी झाली हे तुमच्या उमरठहून मला कुणी कळवलं नाही. दुकानात भात मापता मापता कानावर आलं. गिऱ्हाइकांना वाटतं, माप धरणाऱ्याला ऐकू येत नाही. तुमच्या गावच्या दोघी डोक्याला डोकं लावून बोलत होत्या, "राहीला पन पोरगीच झाली गो! बनुबाय सुतक पडल्यागत बसलीय." माझं माप हातातच राहिलं.

आमची लेक आवडी गेली आणि वर्षाच्या आत सयाजीरावांनी तुला करून आणलं. लोकांना वाटलं, आता कुशाबा सोयरीक तोडणार. पण पहिलीच्या आईबापांनी दुसरीला लेक मानायचं, ही आपल्याकडची रीत. खरं सांगू? तुळसानं तुझी ओटी भरली तेव्हा मी निव्वळ रीत म्हणून उभा होतो. आवडीची धाकटी मुलगी तुझा पदर धरून आत गेली, तेव्हापासून मात्र तू रीतीपुरती राहिली नाहीस.

आवडीलाही आधी दोन मुलीच. दुसरीच्या वेळी मी जिलबीचा पुडा घेऊन गेलो, तर तुझ्या सासूबाई बनुबाई म्हणाल्या, "जिलबी कसली वाटता, व्याही? जमीनच तशी हाय, तिला कोन काय करनार!" मी हसण्यावारी नेलं. मग सुरू झाले उपास, अंगारे, दुधात उगाळलेली कसली कसली मुळं. अंग भरून यायच्या आत तिला पुन्हा दिवस राहिले. माहेरी आली तेव्हा चुलीपाशी तुळसाला विचारत होती, "आये, माझ्यातच काय खोट हाय का गो?" मी ओटीवरून ऐकलं. त्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. तो मुलगा होता. "माझा नातू गेला गो" म्हणून बनुबाई रडल्या. मुली झाल्या तेव्हा त्या आवडीच्या. मुलगा झाला, तो त्यांचा.

आवडीचा तो प्रश्न पुढे मी इथल्या गंगाधर डॉक्टरांना विचारला. जरा हुशारी दाखवतच विचारलं. म्हटलं, डॉक्टर, मी पोलादपूरला पाठीवर गोणी वाहून वर आलेला माणूस, आज बियाणं विकतो. पाटणी जातीचं म्हणून दिलेल्या भातातून भलतंच काही उगवलं, तर शेतकरी जमिनीला शिव्या देत नाही, माझी गचांडी धरतो. मग बाईच्या बाबतीतच जमिनीवर आळ कसा? डॉक्टर हसले. म्हणाले, "कुशाबा, बाई म्हणजे जमीन नव्हे. निम्मं बीज तिचं असतं." तिचं बीज नेहमी एकाच जातीचं. पुरुषाचं दोन जातींचं. एकानं मुलगी होते, दुसऱ्यानं मुलगा. त्यातलं कुठलं जाऊन मिळतं, तिथंच सारं ठरतं. मागून उपास करा, मुळं उगाळा, काही फिरत नाही. मी उसळून म्हटलं, म्हणजे दोष आमच्या जावयाचा! तर म्हणाले, "त्याचाही नाही. तो काय निवडून देतो होय?" घरी येऊन तुळसाला सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ तेच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "आता सांगून कुनाला सांगता?"

म्हणून तुला सांगतो. तू चौथी शिकलेली, हे तुझं तुलाच वाचता येईल. त्या दोघींचं बोलणं दुकानात तेवढ्यावर थांबलं नव्हतं. तुमच्याकडे भगत येऊन गेला म्हणे. आवडी जाताना मुलगा घेऊन गेली, आता राहीला होऊ देत नाय, असं त्यानं सांगितलं. येत्या अवसेला तो तुझ्या गळ्यातला सवतीचा टाक, आवडीच्या नावाचा तो चांदीचा पत्रा, तीच मानून तू घालतेस तो, मी घडवून दिलेला, काढून घेणार आणि शिवेवर खिळ्यानं ठोकणार. म्हणजे ती कायमची बांधली जाईल. राही, आवडी कुणाच्या आड येणारी नव्हती गो. जिवंतपणी त्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, आज तू आहेस. टाक देऊ नकोस. डॉक्टरांचं म्हणणं सयाजीरावांना सांग. माणूस वाईट नाही, आईपुढे तोंड उघडत नाही एवढंच. आणि तुझं काहीच चाललं नाही, तर अवसेच्या आधी चौघी मुलींना घेऊन इकडे निघून ये. आवडीला गळ्यात घालूनच ये. तिला तिथं ठेवू नकोस.

तुझाच बाप,
कुशाबा