पायांची ओळख

३ नोव्हेंबर
नाचाच्या सरांकडे गेले, चेन्नईतच, मैलापूरला. सव्वा वर्षाने. (शूटिंग होतं.) नजर पार गेलीय त्यांची. शिष्यांना आता पायांच्या आवाजावरून ओळखतात. त्यांची मुलगी अंबुजम म्हणाली, अगं कोदै, रोज तुझं नाव काढतात, एकदा नाचून तरी जा. कबूल केलं. एक जानेवारीला सरांचा सत्त्याऐंशीवा वाढदिवस, त्या दिवशी भरतनाट्यममधली सगळ्यात मोठी रचना, अख्खं वर्णम्, पाऊण तास. माझं नाव आधी सांगायचं नाही, असं अंबुजमला बजावलं. माझे पाय ते हजारांत ओळखतील.
उद्यापासून पहाटे पाचला सराव.

४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
गजर वाजलाच नाही. पण फोन वाजला! हीरोच्या आईचा रोल. आई नर्तकी, स्वतंत्र गाणं. असिस्टंट डायरेक्टर सेल्वम म्हणाला, अक्का, तुमच्यासाठीच लिहिलाय. वीस वर्षं, अकरा सिनेमे, शेवटी कदर झाली.
सराव सोमवारपासून.

१२ नोव्हेंबर
सोमवार गेला. आज केला. गुडघे बाहेर काढून अर्ध्या बैठकीत चार मिनिटं. उजवा गुडघा कुरकुरला. दोष फरशीचा, फार थंड आहे. चटई आणायची.

२० नोव्हेंबर
गाणं कापलं. सेल्वम म्हणतो, लांबी वाढते, फक्त नाचणारे पाय दाखवू. हरकत नाही. पाय हीच माझी ओळख.

२९ नोव्हेंबर, दुपारी ३, मेकअप व्हॅन
सहापासून बसून आहे. पायही कापले. आई आता आधीच मेलेली, भिंतीवर हार घातलेला फोटो. मी डोळ्यांत वात्सल्य आणि करुण दोन्ही आणले. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, साधं बघा ना. या लोकांना अभिनय काय कळणार?

११ डिसेंबर
अंबुजमचा फोन. सर जेवत नाहीत धड, पण कोदै कधी येणार ते विचारतात. सराव जोरात चाललाय म्हटलं. नंतर आडवी पडून मनातल्या मनात पूर्ण वर्णम् केलं. सुरेख झालं.

२४ डिसेंबर
नाच-गाण्याच्या सभांचा डिसेंबरचा सीझन ऐन भरात. मला यंदाही कार्यक्रम नाही, अर्ज राहून गेला. कॅन्टीनमध्ये पोंगल खाल्लं. जुन्या मैत्रिणींनी सिनेमाचं विचारलं. सांगितलं, मोठी भूमिका आहे, हीरो माझ्यासमोर हात जोडून रडतो.
चटई राहिलीच.

१ जानेवारी
सरांनी माझे घुंगरू डोळ्यांना लावून परत दिले. कोणाचे, ते विचारलं नाही. लाकडी पाटावर काठीने ताल धरला. तिसऱ्या, सगळ्यात जलद लयीत माझे पाय मागे पडले. त्यांनी काठी हळू केली, मग थांबवली. कोणाकडे शिकतेस गं बाळ, म्हणाले, पाय कच्चे आहेत तुझे. घाबरू नकोस. माझी कोदै आहे ना, तिच्याकडे जा. माझं नाव सांग, ती नीट बसवून देईल. जाशील ना?
अंबुजम काही बोलणार होती, तिचा हात दाबला. मला रडू आवरेना. आवाज ओळखतील म्हणून नुसती मान हलवली.
ते उत्तराची वाट बघत बसले.