पोक

३ जानेवारी

आज पुन्हा पट्टी. लाकडी, मीटरची, कापड मोजायची. वकिलाच्या कोटाचं अस्तर अर्धा इंच कमी पडलं म्हणून. ते मी कापलंच नव्हतं, दादाने कापलं होतं — पण टेबलाशी उभी मी होते ना! गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. नेहमी थांबतो. दार लोटलं, पडदा ओढला, मग पाठीवर तीन.

चौतीस वर्षांची घोडी झाले. दुकानातला जवळपास प्रत्येक कोट मी कापते. पाटीवर नाव दादाचं. दुकानामागेच घर, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेजाऱ्यांना फक्त मशीन ऐकू येतं.

वहिनी म्हणाली, "मान खाली घालून घ्यावी गं, लवकर संपतं." हिला बोलायला काय जातंय! हिच्यावर त्याने एकदासुद्धा हात उचललेला नाही.

५ जानेवारी

एक भारी बाई आली. जाकीट शिवायचंय. धंदा काय, तर लोकांना उभं राहायला शिकवते! कंपन्यांतल्या मोठ्या लोकांना — कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, समोरच्याकडे कसं बघायचं. मला हसूच आलं. आणि रांगायला कोण शिकवतं, हिची आई? मी तिचं नाव ठेवलं ताठबाई.

माप घेत होते तर मलाच म्हणते, "किती पोक काढून उभ्या राहता हो!" म्हटलं, काम वाकूनच असतं. तर म्हणाली, "कामाने कंबर वाकते. तुमचे खांदे कानाला लागलेत. मार चुकवणाऱ्याचे असतात तसे."

दादाचं मशीन थांबलं. मी टेप गुंडाळायला लागले.

पोकाच्या माणसाचा कोट पाठीत लांब नि पुढे आखूड कापावा लागतो, नाहीतर मागून वर चढतो. संध्याकाळी वहिनीला टेप धरायला लावून स्वतःचं माप घेतलं. पाठ सव्वा इंच जास्त! वडील सत्तरीत गेले, त्यांचंही एवढं नव्हतं. त्यांचा शेवटचा सदरा मीच कापला होता.

८ जानेवारी

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर हवाय. राहायला खोलीपण देतात! इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला घेतलेल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. वहिनीच्या मैत्रिणीकडून फोन केला. मुलाखत २७ तारखेला, पत्र पाठवतो म्हणाले. पत्र नको म्हणायला हवं होतं, सुचलं नाही.

दादाला कळलं तर जिवंत ठेवणार नाही. उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाहीये.

११ जानेवारी

ताठबाई जाकीट घालून बघायला आली. दादा बटणं आणायला गेला होता. लाज सोडून विचारलं, मुलाखतीला कसं उभं राहायचं?

बाई खूष झाली. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, भार दोन्ही पायांवर. हनुवटी वर नाही, खाली नाही. हात छातीशी बांधायचे नाहीत. डोळ्यांत बघायला भीती वाटली तर भुवयांच्या मधोमध बघायचं, समोरच्याला कळत नाही. उत्तर देण्याआधी एक पूर्ण श्वास. "घाईघाईत बोलतो तो आधीच माफी मागत असतो," म्हणाली. मी खडूने हे सगळं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. मग दादा यायच्या आत पुसलं.

१२ जानेवारी

भाजीवाल्यावर प्रयोग! हा मेला मला नेहमी पिचके टोमॅटो देतो. आज भार दोन्ही पायांवर. भुवयांच्या मधोमध. नुसती बघत राहिले. तर स्वतःहून टोपली उपसली — "ताई, हे घ्या, हे चांगले आहेत."

टपाल कचेरीत एक जाड्या रांगेत पुढे घुसला. एक पूर्ण श्वास घेतला. "मी आधी आहे." गेला की मागे!

घरी येईपर्यंत हसत होते. मग संतापच आला. एवढंच होतं? इतकी वर्षं एवढ्याशासाठी घालवली?

१५ जानेवारी

अक्कल गहाण टाकली होती मी.

दादाने विचारलं, बाह्या अजून का झाल्या नाहीत. मी श्वास घेतला. भुवयांच्या मधोमध बघितलं. म्हटलं, "उद्या देते."

"कुणाला डोळे दाखवतेस?"

पट्टी शोधतसुद्धा बसला नाही. हातानेच. ओठ फुटला, कानात अजून शिट्टी वाजतेय. खाली पडले तर केसांना धरून उभी केली, "राहा आता उभी! राहा ना!" म्हणाला, नि पुन्हा पाडली. असं चार वेळा.

ताठबाईने हे नव्हतं सांगितलं. भाजीवाल्याला ताठ मान दिसली की तो टोमॅटो बदलतो. दादाला ताठ मान दिसली की ती मोडावीशी वाटते. वहिनीने फडक्यात बर्फ बांधून दिला.

१६ जानेवारी

मोठी कात्री माझ्या हातात नि त्याची मान समोर, मशीनवर वाकलेली. बराच वेळ. मग अस्तर कापलं.

२२ जानेवारी

कारखान्याचं पत्र त्याच्याच हातात पडलं.

"मला टांग मारून जातेस? बाहेर कोण कुत्रं विचारतंय तुला?" इस्त्रीच्या टेबलावर ढकललं, टेबलासकट पडले. मग लाथा, एकाच कुशीत. आत काहीतरी काडकन वाजलं — मी ऐकलं ते. त्याचा हात तोंडाजवळ आला तेव्हा चावले. मनगटाला. सोडलंच नाही. बोंबलला मेला, बोंबलला! त्याच्या रक्ताची चव अजून तोंडात आहे, नि चूळ भरावीशी वाटत नाही.

वहिनी दारात उभी होती.

२३ जानेवारी

दोन बरगड्या. डॉक्टरने विचारलं, "पडलात?" म्हटलं, जिन्यावरून. आमच्या घराला जिनाच नाही. त्याने छातीभोवती रुंद पट्टा आवळून दिला. जरा पोक काढलं की आत सुरी फिरते.

२७ जानेवारी

पट्टा सैल झालाय, डॉक्टरकडे जाते, सांगून निघाले. ओठावरच्या जखमेला वहिनीने पावडर लावून दिली. कुठे चाललीस म्हणून विचारलं नाही. तिला माहीत होतं.

समोर तिघं. दोन साहेब, एक बाई. मी ताठ बसले — वाकायची सोयच नव्हती! हात मांडीवर, कारण हलवले की कळ येते. सावकाश बोलले, कारण प्रत्येक वाक्याआधी श्वास गोळा करावा लागत होता. एका घडीत किती थर कापता, कापड तिरकं गेलं तर काय करता, सगळं विचारलं. सगळं येत होतं मला! बाई शेवटी म्हणाली, "इतक्या आत्मविश्वासाने बसलेला माणूस आज पहिलाच आला."

मला हसताही येईना, कुशीत कळ येत होती. लागली नोकरी! पहिल्या तारखेपासून!

१ फेब्रुवारी

निघाले. दादा एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून विजारीची उंची बघत होता, तोंडात टाचण्या. मागच्या दाराने दोन पिशव्या. एक वहिनीने कोपऱ्यापर्यंत आणली. "जा पटकन," म्हणाली. मी वळून पाहिलं नाही. वळता येत नव्हतं, नि वळायचंही नव्हतं.

९ फेब्रुवारी

दादा कारखान्याच्या फाटकावर आला. वरच्या खिडकीतून दिसला. मला वाटलं, आता आत घुसणार.

पण हा समोरच्या पहारेकऱ्यापुढे हात जोडून उभा! खांदे आत, मान पुढे, दात विचकून "साहेब, साहेब" चाललंय. साधा पहारेकरी, विशीतला पोरगा! दादाला बाहेरच्या माणसासमोर असं मी पाहिलंच नव्हतं. पुरुष गिऱ्हाईक दुकानात आलं की मी टेबलाकडे तोंड करून कापत असायची. ह्याच्या कोटाला पाठीत दोन इंच तरी जास्त लागले असते. आणि ह्याला मी घाबरत होते? ह्याला? खिडकीतून काहीतरी जड त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

पहारेकऱ्याने त्याला हाकललं. हात हलवत परत गेला. मी आज पोटभर जेवले.

११ फेब्रुवारी

वहिनी आली. हातात पिशवी नाही, पायात घरातल्या चपला. माझ्या खोलीच्या दारात उभी. इतकी ताठ तिला मी कधीच पाहिली नव्हती. म्हटलं, "बस ना."

"वाकता येत नाहीये गं," म्हणाली.

परवा तो इथून घरी गेला, तेव्हा घरात फक्त ती होती. मी निघाले त्या दिवशी तिला 'तूही चल' म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.