लिस्बनमध्ये सात तास तुझ्या पाठीमागे

चोआ चू कांग, सिंगापूर
१९ जून

ती. लताताईस,

उत्तमचा सप्रेम जयभीम. तुझी प्रकृती कशी आहे, असं सुरुवातीला विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. खरं उत्तर येईल अशी आशा नाही. राणीची पाठ अजून दुखते आहे (कारण पुढे येईल). श्रियाच्या परीक्षा जवळ आल्यात, त्यामुळे घरात मोठ्यानं शिंकायलाही बंदी आहे. जहाजावरून परत येऊन आज नववा दिवस. नऊ दिवस मी राग गिळून बसलो होतो. राणी म्हणते, गिळला कुठे, रोज आम्हालाच तर वाढत होतात. म्हणून आज कागद घेतला. फोन करत नाही, कारण फोनवर तू विषय बदलतेस. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतेस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

ताई, मी लिस्बन बघायला आलो नव्हतो. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग पुढे जा. मी तुला भेटायला आलो होतो. सहा वर्षांनी. सरळ घरीच येतो म्हटलं, तर तू म्हणालीस घराला रंग देणं चालू आहे, बसायला जागा नाही. (दोन खोल्यांच्या घराला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत कुणी रंग देतं का?) राणीला कधीपासून जहाजानं फिरायचं होतं, तिला ग्रीसची बेटं हवी होती. मी तिला ग्रीस सोडायला लावलं आणि बार्सिलोनाहून सुटणारं एक जहाज शोधलं, जे लिस्बनला एक दिवस थांबत होतं. एक दिवस म्हणजे तरी काय, उतरायला सकाळचे साडेनऊ आणि साडेचारला परत आत. मधले सात तास. इथल्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात पंधरा दिवसांची रजा मागताना साहेबानं विचारलं, एवढं काय आहे तिकडे? मी सांगितलं, बहीण आहे.

आणि बंदराच्या फाटकाशी कोण उभं होतं? धावायचे बूट, डोक्याला टोपी, एका हातात लाल छत्री आणि दुसऱ्या हातात छापलेला कागद. सहा वर्षांनी भेटलेल्या भावाला तू चार सेकंद मिठी मारलीस आणि म्हणालीस, "चला, चला, सातच तास आहेत!" मी म्हटलं, आधी कुठंतरी कॉफी घेऊ. तू म्हणालीस, कॉफी सिंगापूरलाही मिळते. तिथून पुढे सात तास मी तुझं तोंड पाहिलं नाही. पाठ पाहिली. तू पुढे, मी वीस पावलं मागे आणि राणी माझ्यामागे. तू एकदाही वळली नाहीस, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. ते कळवण्यासाठीच हा पत्राचा खटाटोप.

पहिली गोष्ट त्या जुन्या वस्तीतल्या पायऱ्यांची. ऊन तापलेलं, दगड गुळगुळीत, आणि तू छत्री उंच धरून चढत होतीस. ती छत्री पाहून सहा म्हातारे जर्मन तुला आपली गाईड समजले आणि आपल्या रांगेत घुसले. तू पुढून फेकत होतीस, हा बुरूज मूरांच्या काळातला, ही फरशी भूकंपानंतरची (मराठीतून!), आणि ते प्रत्येक वाक्याला माना डोलवत होते. अर्ध्या तासानं त्यांच्यातल्या एका आजोबांनी माझा दंड धरून विचारलं, तुमच्या बाई नेहमीच एवढ्या जोरात चालतात का? मी म्हटलं, लहानपणापासून. मग त्यांच्या बायकोनं विचारलं की स्वच्छतागृहासाठी कधी थांबणार. मी म्हटलं, आजी, मी सकाळपासून त्याचीच वाट बघतोय. वर पोचल्यावर त्यांना आपली चूक कळली. त्यांचा चेहरा सुटकेचा होता. मला त्यांचा फार हेवा वाटला.

मग ट्राम. ती पिवळी ट्राम आली, तू टुणकन चढलीस, दार लागलं आणि आम्ही दोघं खाली राहिलो. मी हात केला, तू काचेतून कागद दाखवलास. स्टॉपवर एक बाकडं होतं. आम्ही त्यावर बसलो. राणीनं सँडल काढले, पाय लांब केले, डोळे मिटले आणि म्हणाली, "ताई लगेच परत नाही आल्या तरी माझी काही तक्रार नाही." अकरा मिनिटं. एवढ्या प्रवासात आम्हाला युरोपात मिळालेलं खरं सुख तेवढंच. मग तू उतारावरून परत येताना दिसलीस आणि आल्याआल्या आमच्यावर ओरडलीस की आमच्यामुळे एक चर्च गेलं.

खाण्याचं तर बोलूच नये. ती कस्टर्डची टार्ट छान होती असं राणी म्हणते. मला आठवत नाही, कारण मी ती रस्ता ओलांडताना खाल्ली. दुकानात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. मी एकीची पाठ धरून म्हटलंसुद्धा, "ताई, बस ना जरा, बोलायचंय." तू म्हणालीस, "बसलं की वेळ जातो. चालता चालता बोल." चालता चालता कसं बोलणार? तुझ्या टोपीशी?

आता रागाची खरी गोष्ट. तुझ्या कागदावरचा नववा मुक्काम, तो राजवाडा. दाराशी तपासणीची कमान होती, पिशव्या ठेवा आणि आरपार जा. तिथं तू दिवसात पहिल्यांदाच म्हणालीस, "तुम्ही व्हा पुढे." मी मूर्खासारखा झालो पुढे. राणीनं वळून पाहिलं. तू पर्समधून एक छोटं कार्ड काढलंस, रखवालदाराला दाखवलंस, डाव्या खांद्याखाली हात ठेवलास, आणि त्यानं अदबीनं तुला बाजूच्या दारातून घेतलं. राणीच्या आईला चार वर्षं पेसमेकर होता. अगदी तसंच कार्ड, तसाच हात. पुढच्या दालनात कुठल्याशा राजाचा सोन्याचा पलंग होता, त्याच्यासमोर राणीनं मला हळूच सांगितलं. मी त्या पलंगाची पाटी तीनदा वाचली. आजही विचारशील तर राजाचं नाव सांगता येणार नाही. तू मात्र मागून आलीस आणि म्हणालीस, "भारी आहे ना?"

त्यानंतर मी शहर बघायचं सोडून तुझ्याकडेच पाहिलं. उतारावर तू माशांच्या डब्यांच्या दुकानापुढे थांबलीस. चार मिनिटं. भिंतीला हात टेकून. चार मिनिटं सार्डिनच्या डब्यांत बघण्यासारखं काय असतं, ताई? तुझा खांदा वर-खाली होताना मला इकडून दिसत होता. मी वीस पावलांवर वाकून बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या बुटाला नाडी नाही. पुढे यायला हवं होतं, आलो नाही. आलो असतो तर तू "काय रे, दमलास?" म्हणाली असतीस आणि पुढे दोन टेकड्या जास्त दाखवल्या असत्यास.

म्हणजे ते रंगकाम हे होतं! तू हॉस्पिटलात पडून होतीस आणि मला सांगत होतीस की हॉलला पिवळा देऊ की मोतिया. मी दोन रविवार बसून रंगाचे नमुने बघितले गं! श्रियाचं मत घेतलं! कोण होतं तुझ्याजवळ? कागदावर सही कुणी केली? घरी कुणी आणलं, टॅक्सीनं की त्याच ट्रामनं? मला सांगितलं असतं तर मी काय करणार होतो असं तुला वाटलं? आलो असतो. एवढंच केलं असतं. उशाशी बसलो असतो आणि चुकीच्या रंगाची फळं आणली असती. त्यात घाबरण्यासारखं काय होतं? आईच्या आजाराचं मी तुला पंधरा दिवस उशिरा कळवलं, तर तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे: "उत्तम, आजार लपवणारा माणूस समोरच्याला परका ठरवतो." कोण म्हणालं होतं हे? मी?

चार सव्वीसला तू आम्हाला फाटकाशी आणून सोडलंस. मी धापा टाकत होतो, राणी पाठ धरून उभी होती आणि तू कागदावर शेवटची खूण करून म्हणालीस, "झालं की नाही सगळं बघून?" मी म्हटलं, "हो, मस्त झालं." या वाक्याबद्दल मला माझाही राग आहे. आणि एक सांगतो. आम्ही आत गेलो असं तुला वाटलं, पण मी तिसऱ्या डेकच्या कठड्याशी उभा होतो. तू कुंपणाच्या दगडी कट्ट्यावर बसलीस. सात तासांत पहिल्यांदा. टोपी काढून मांडीवर ठेवलीस. जहाज हलायला जवळजवळ तासभर लागला आणि तेवढा वेळ तू उठली नाहीस. मी हात हलवत होतो, हाका मारत होतो, शेजारचा एक माणूसही माझ्याबरोबर "लताऽऽ" करून ओरडत होता. तू वर पाहिलंच नाहीस. बुटातला खडा काढत होतीस.

मी पाहिलेलं लिस्बन एवढंच. उत्तर लिही. सविस्तर लिही, आणि त्यात एकही चर्च नको.

तुझा अतिशय रागावलेला भाऊ,
उत्तम

ता. क. राणी म्हणते तुला कळव की स्वभावाचा नाही तरी पाठीचा उपचार चालू आहे आणि ती तुझ्यावर रागावलेली नाही. (कुणाच्या स्वभावाचा, ते ती सांगत नाही.) ती रागावत नाही, म्हणून माझ्यावर दोघांचा भार पडतो.

आणखी एक ता. क. वरचं सगळं श्रियानं न विचारता वाचलं आणि म्हणाली, "पपा, यू ऑल्सो सेम लाह." (इथल्या पोरांच्या इंग्रजीत, तुम्हीही तसलेच.) मुलांना शिकवून काही उपयोग नाही. तर कळवण्याचं कारण असं, की माझ्या डाव्या मूत्रपिंडावर एक गाठ आहे. एप्रिलमध्ये कळलं. छोटी आहे, लवकर सापडली, डॉक्टर फार काळजी करत नाहीत. त्यांचं ते कामच आहे. बावीस जुलैला काढणार. हे तुला समोर बसून सांगायचं होतं, फोनवर नाही, म्हणून एवढं जहाज केलं. राणी घाबरली आहे. मी घाबरलेलो नाही. (आहे.)

शेवटची ता. क. हॉस्पिटलच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांसाठी दोन ओळी होत्या. पहिलीत राणी. दुसरी रिकामी होती, नर्स दोनदा विचारून गेली, तेव्हा तुला न विचारता तुझं नाव लिहिलं. त्याबद्दल रागवायचं असेल, तर वीस जुलैच्या आत इथं येऊन रागव.