आजोबांचा उजवा डोळा

वैशाली नगर, भिलाई
४ जुलै

ती. चिंतामणीदादास,
कमलाचा सा. न. वि. वि.

आठवतं ना, पंगतीत आजोबा पाणी वाढायचे आणि निम्मं पेल्याबाहेर सांडायचं? पेला काहून सरकवता रे, असं ते आपल्यालाच दटावायचे आणि आपण हसून लोळायचो. परवा हे तुझ्या उर्वीला सांगितलं, तर डोळ्यांची डॉक्टर झालेली तुझी लेक हसलीच नाही. तिने आजोबांचे मुंजीतले आणि जंगल सत्याग्रहातले फोटो मोठे करून पाहिले. दोन्हींत उजवं बुबुळ नाकाकडे. तिच्या मते त्या डोळ्याने त्यांना लहानपणापासून नीट दिसतच नसावं. म्हणून अंतराचा अंदाज चुकायचा.

दादा, माझ्या नातीचा, ईराचा, उजवा डोळा अगदी तसाच आहे. उर्वी म्हणते, चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधली तर तिरळा डोळा कामाला लागेल. उशीर झाला तर मेंदू त्याला कायमचा विसरेल. पण तू तिच्या बापाला, माझ्या समीरला सांगितलंस, आजोबा एका डोळ्याने सभा पाहायचे, दुसऱ्याने पोलीस. हा घराण्याचा प्रसाद आहे, त्यावर इलाज करायचा नाही. बापामागे तूच त्याला वाढवलंस. त्याचं एकच, मामाजी बोलेंगे तभी. मला झोप लागत नाही रे.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी कमला


दुर्ग
११ जुलै

चि. कमलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून भडकलो. चौकात ज्यांचा पुतळा, त्यांना माझीच पोरगी आंधळं ठरवून राहिली! तिला खोटं पाडायचंच, म्हणून रविवारी समीर ईराला घेऊन आला तेव्हा खेळता खेळता मी तिचा उजवा डोळा झाकला. खिदळत राहिली. मग डावा झाकला. एकदम गप्प. समोर धरलेली जिलबी सापडेना तिला. हात चाचपत म्हणाली, मामाआजोबा, एवढा धूर कुठून आला.

समीर दारातच होता. त्यानेही पाहिलं.

आजोबांना तरी कुठे ठाऊक असेल? सगळ्यांना असंच दिसतं, असं वाटलं असेल त्यांना.

समीरला हो सांगितलं आहे. त्याच्यासोबत पिशवी पाठवतो. मेथीचे लाडू उर्वीला. म्हणावं, बापाने हात टेकले. रंगीत पट्ट्यांची डबी ईराला. समीरला काही नाही, माझ्या शब्दासाठी थांबला म्हणून त्याला माझ्या वाटणीचं तूच रागव. मोठ्या दोन पट्ट्या आणल्या होत्या, त्यातली एक तुला. पोर बांधून बसेल तेव्हा तूही बांधून बस. दुसरी मी ठेवली आहे.

तुझा
दादा