मा. मोत्या आणि एक गोलकीपर

३ फेब्रुवारी २०२५

चालली! एकदाची स्क्रिप्ट चालली! काल संध्याकाळपर्यंत स्मरणिकेतल्या प्रत्येक फोटोखाली 'फिगर' येत होतं. टाइपसेटिंगचं हे सॉफ्टवेअर परदेशी, त्याला बिचाऱ्याला कोल्हापूर काय माहीत. आता मी लिहिलेल्या सूचनांप्रमाणं, बटण दाबलं की 'छायाचित्र', पुढं मराठी आकडा, त्याखाली डावीकडून एकेकाचं नाव. सगळं आपोआप, आणि मी हाताची घडी घालून बसलेली!

नृसिंहकाकांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. शाहूपुरीतली ही प्रेस त्यांची. म्हणाले, हातानं केलं असतंस तर एव्हाना निम्मं झालं असतं. कौतुक करायची त्यांची हीच पद्धत.

घरी अब्बांना सांगितलं. आपल्याच शिवाजी पेठेतल्या तालमीची स्मरणिका, तालमीच्या फुटबॉल टीमचे जुने फोटो — वाटलं होतं, उड्या मारतील. कुणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसले होते. त्यातून मान वर न काढता म्हणाले, "बरं."

४ फेब्रुवारी

तालमीचे अध्यक्ष कृष्णातकाका प्रेसमध्ये आले. म्हणजे आधी आवाज आला, मग चहावाला आला, मग ते आले. फोटोखालची नावं बघून त्यांचं तोंड उतरलं. एवढी मोठी माणसं आणि नुसतीच नावं? प्रत्येकाच्या आधी 'मा.' पाहिजे. सगळी माननीय माणसं आहेत.

मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. चहा संपायच्या आत सगळी तालीम माननीय झाली. काका बघतच राहिले. जाताना नृसिंहकाकांना म्हणाले, पोरगी हुशार हाय, हिला सोडू नका. मी दिवसभर उगाचच ताठ बसले होते.

५ फेब्रुवारी

अगं बाई. अठ्ठ्याऐंशी सालच्या फायनलचा जो फोटो आहे, त्यात टीमच्या पुढं तालमीचा कुत्रा बसलाय. यादीत कुणीतरी प्रेमानं त्याचंही नाव घातलेलं. स्क्रिप्टला माणूस काय नि कुत्रा काय! छापलं — 'मा. मोत्या'.

हसून हसून पोट दुखलं. मग शहाणपणा केला. मोत्याचं नाव यादीतून काढलं, पण त्याची फोटोतली जागा काढायची राहिली. पुढची सगळी नावं एकेक घर सरकली आणि कुत्र्याखाली आलं 'मा. हंबीरराव'. हंबीरराव म्हणजे तालमीचे उपाध्यक्ष.

हे मला दिसेपर्यंत नृसिंहकाकांनी ते पान तालमीच्या ग्रुपवर पाठवूनही दिलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांना फोनवरून काहीतरी झटपट पाठवता आलं!

६ फेब्रुवारी

हंबीररावांचा फोन. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की मोत्या कोण आणि आपण कोण हे ठरवायचा अधिकार मशीनला कुणी दिला.

७ फेब्रुवारी

नावं जागेवर आणता आणता तो फोटो आज पहिल्यांदा नीट बघितला. मधोमध गुडघ्यावर बसलेला गोलकीपर. कप तोंडासमोर धरलाय, त्यामुळं चेहरा दिसतच नाही. नुसती लोकरीची टोपी आणि एक कान. यादीत त्याचं नाव — कृष्णात!

माझं डोकंच फिरलं. तो गोलकीपर म्हणजे आमचे अब्बा! टायब्रेकरचा शेवटचा शॉट डावीकडं झेप घेऊन अडवला, ते ऐकतच मी लहानाची मोठी झाले. अम्मीच्या वडिलांना फुटबॉलचं वेड. गोलकीपर जावई मिळतोय म्हणून त्यांनी दुसरी चौकशीच केली नाही, असं अम्मी अजून सांगते. फोटो मात्र आमच्या घरात कधीच नव्हता. एकच प्रत, ती तालमीत.

घरी येऊन अब्बांना सांगितलं, तर हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. म्हणाले, राहू दे गं, जुनं कशाला उकरतीस. असा हा माणूस! साधा इतका की आपलं नावसुद्धा मागणार नाही. मी म्हटलं, थांबा. मोबाइल पाठीमागं लपवला आणि विचारलं, फोटोत कोण कुठं आहे सांगा. डोळे मिटून डावीकडून सगळे सांगितले. एकसुद्धा चुकला नाही. वर म्हणाले, "गोलकीपरच्या मागं हंबीर हाय. जीभ काढून उभा हाय बघ, येडं."

मोठं करून बघितलं. खरंच जीभ! आणखी काय पुरावा पाहिजे?

अम्मीला हे सांगितलं, तर तिला त्यात नवल वाटलं नाही. ती रविवारच्या तयारीत. कागलहून मला बघायला पाहुणे येणार आहेत. माझ्या कुडत्याचं बटण तुटलेलं, म्हणून अब्बांच्या मामूंच्या जुन्या कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीतली सगळी बटणं चादरीवर ओतून बसली होती. एक जुळेल तर शपथ.

८ फेब्रुवारी

कृष्णातकाकांना स्पष्टच सांगितलं. गोलकीपर माझे अब्बा आहेत, नाव बदलणार. काकांचा आवाज समोरच्या दुकानात गेला असणार.

"त्यो मी हाय पोरी! कान बघ माझा!"

आणि खरंच कान पुढं केला. मी बघितला. नृसिंहकाकांनी भिंग घेऊन बघितला. कान आहे, एवढंच ठरलं. त्या टीममधले आता दोघंतिघंच राहिलेत. एकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्याला फोटोच दिसत नाही. हंबीररावांना फोन लावला, तर ते म्हणाले, गोलकीपरच्या जागी मोत्याचं नाव घाला. राग गेलेला नाही.

मग मी स्क्रिप्टला नवा नियम शिकवला. एका जागेवर दोन नावं असली तर दोन्ही छाप, मध्ये 'किंवा' घाल. आलं — 'मा. कृष्णात किंवा मा. रशीद'. मला तर न्याय वाटला. काकांनी ते वाचलं, परत वाचलं.

"आयुष्य घातलं तालमीत. आता 'किंवा' हुयाला आलोय व्हय मी?"

बरोबर होतं त्यांचं. पण माझंही बरोबर होतं! मी जिभेची गोष्ट सांगितली. अब्बांनी फोटो न बघता सांगितलं, मग ते तिथं होते की नाही? त्यावर काकांनी भिंग घेऊन फोटो परत बघितला. मान खाजवली. म्हणाले, उद्या रशीदच्या घरात येतो, समोरासमोर बघू. मला वाटलं, आता कशी जिरली! पण उद्या तर पाहुणे! तसं सांगणार तोवर बुलेट सुरू झाली होती.

तो फोटो काढला कुणी, तेही कुणाला आठवत नाही. जागा मोकळी सोडली तर स्क्रिप्ट स्वतःच्या मनानं 'अज्ञात' छापते. नृसिंहकाका म्हणाले, गोलकीपर अज्ञात, फोटोग्राफर अज्ञात. एकटा मोत्या तेवढा ज्ञात.

९ फेब्रुवारी

देवा, काय दिवस गेला. क्रमानं लिहिते.

कामिल, त्याची आई आणि वडील वेळेवर आले. कामिल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. कमी बोलतो, पण बशीतला चहा सांडला तेव्हा गुपचूप रुमालानं टिपला. मला आवडला. लिहून टाकलं, आवडला!

चहा झाला आणि अम्मीनं नेहमीची गोष्ट काढली. आमचे हे अठ्ठ्याऐंशीच्या फायनलला गोलकीपर होते. कामिलचे वडील खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, टायब्रेकरची? मी भिंतीवर बसून बघितली ती मॅच! टोपी कपाळापर्यंत ओढलेला तो कीपर — तो तुम्ही? अम्मीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. अब्बा मात्र फरशीकडं बघत होते. तोंड उघडलं, काहीतरी बोलणार —

आणि दारात कृष्णातकाका! हातात गुंडाळलेलं स्मरणिकेचं पान. मी ट्रे घेऊन तिथंच उभी. आता हा माणूस पाहुण्यांसमोर कान काढणार, बोंबाबोंब करणार, आणि माझं लग्न तिथंच मोडणार. कामिलच्या वडिलांनी त्यांनाच विचारलं, तुम्ही तालमीतले ना? मग सांगा, कीपर हेच ना?

काका अब्बांकडं बघत राहिले. मग अम्मीकडं. मग माझ्याकडं आणि ट्रेकडं. हातातलं पान त्यांनी पाठीमागं नेलं.

"व्हय, ह्योच की त्यो. शेवटचा शॉट ह्यानंच आडवला."

मग बसलेच. अम्मीच्या गोड शेवया मागून मागून खाल्ल्या आणि अख्खी मॅच सांगितली. बॉल कसा आला, ओल्या मातीवर पाय कसा घसरला, कोपर कसं सोललं, उठल्यावर पहिल्यांदा काय दिसलं. जणू स्वतःवरच बेतलंय असं सांगत होते. कामिलचे वडील तर खुर्चीच्या काठावर.

जाताना काकांनी मला जिन्याशी बोलावलं. म्हणाले, "काढ त्यो 'किंवा'. रशीद लिव."

"आणि तुमचं नाव, काका?"

"म्या फोटू काढलता. तसं लिव."

म्हणजे फोटोग्राफरचाही प्रश्न मिटला! माझ्या पुराव्यापुढं काय बोलणार होते म्हणा. पण मोठ्या मनाचा माणूस, चूक कबूल केली. मी त्यांना उगाच नावं ठेवत होते.

अब्बा रात्री जेवले नाहीत. आनंदानं पोट भरलं असणार.

१० फेब्रुवारी

लेबल बदललं. 'गोलरक्षक : मा. रशीद.' खाली बारीक अक्षरात 'छायाचित्र : मा. कृष्णात.' घरी दाखवलं. अब्बा म्हणाले, निदान ते 'मा.' तरी काढ. काढलं नाही.

१३ फेब्रुवारी

कागलहून होकार आला! अम्मीनं गल्लीभर पेढे वाटले. कामिलचा मेसेज — स्मरणिकेत कुत्राही माननीय आहे असं कळलं, खरं का? त्याला सगळी गोष्ट सांगितली. माणूस हसतो छान, निदान टाइप तरी छान करतो.

१७ फेब्रुवारी

छपाईला गेलं. मोत्याचं 'मा.' ठेवायचं असं तालमीच्या बैठकीत एकमतानं ठरलं. हंबीररावांचा विरोध नोंदवून घेतला.

२३ फेब्रुवारी

प्रकाशन. तालमीसमोर मांडव, हलगी, अर्धी पेठ लोटलेली. अब्बांना स्टेजवर बोलावून शाल घातली. कृष्णातकाकांनी स्वतः घातली. माइकवरून सांगितलं, हा आमचा गोलकीपर. टाळ्या थांबेनात. अम्मी पहिल्या रांगेत पदरानं डोळे पुसत होती, मीही रडले. अब्बांना दोन शब्द बोला म्हणाले. त्यांनी माइक हातात घेतला, कृष्णातकाकांकडं बघितलं, आणि परत देऊन टाकला.

काकांची सून वर्षाराणी माझ्या शेजारी बसली होती. तिनं पान उलटसुलट बघितलं आणि सासऱ्यांना विचारलं, मामंजी, तुम्ही कुठं आहात ह्याच्यात? काका म्हणाले, मी कॅमेऱ्याच्या मागं. ती बुचकळ्यात पडली. म्हणाली, पण तुम्हाला तर मोबाइलवरसुद्धा फोटो काढता येत नाही. सगळे हसले. मीपण हसले.

२४ फेब्रुवारी

पहाटे उठले तर अब्बा स्वयंपाकघरात. समोर ती चामडी पिशवी, बटणं सगळी ताटलीत काढलेली.

"त्यो मी न्हवं, तमन्ना. फोटू म्या काढला. मामूच्या कॅमेऱ्यानं. तुझ्या नानांनी मुलगी द्यावी म्हणून येकदा बोलून गेलो, मग मागं येताच आलं न्हाय."

"मग झेप?"

"कृष्णातची."

गुडघ्यावर बसलेल्या माणसाला मागच्याची जीभ कशी दिसेल? एवढी स्क्रिप्ट लिहिली, आणि एवढं साधं मला दिसलं नाही. काकांना मी जिभेची गोष्ट सांगितली तेव्हाच दिसलं होतं.

प्रेसला जाताना कृष्णातकाका तालमीच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. मी जवळ गेले, तोवर तेच अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडले —

"काय गं, गोलकीपरची पोरगी! चहा घेणार का?"