जमीन सोडून घराची किंमत

तात्या, मी घराचा विमा उतरवला. आधीच सांगून टाकते, आडवळणानं बोलणं मला जमत नाही आणि तुम्हाला ते ऐकवत नव्हतं. तुम्ही असता तर हातातली भाकरी तशीच धरून म्हणाला असता, "पैका लई वर आला का तुजा?" वर आला नाही. रोज दुपारी चाळीस ताटं वाढून मिळवलेला आहे. पण या वेळी मी कागद समजल्याशिवाय सही केली नाही, आणि कुणाला मला गुंडाळताही आलं नाही. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी ही गोष्ट पहिली तुम्हालाच सांगावीशी वाटली, कारण विम्याचं नाव काढलं की तुम्ही थुंकत होता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

ते कारण मी डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या बाळंतपणाला मी इंदापूरकडं आपल्या वस्तीवर आले होते. मेंढरं विकून तुम्ही सरकारी योजनेतून म्हैस घेतली होती. बँकेनं तिचा विमा उतरवला आणि कानात बिल्ला ठोकला. कान चिघळला, तर तुम्ही आठ दिवस हळद लावत होता आणि विमावाल्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार करत होता. मग पावसाळ्याच्या तोंडाला ती पोट फुगून मेली. तुम्ही तिला हळदकुंकू लावलं, अंगावर घोंगडं टाकलं आणि बांधाच्या कडेला खड्डा घेऊन पुरलं. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस आला. तुम्ही त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"बिल्ला कुठाय, बाबा?"

"तिच्या कानात."

"कान कापून ठेवायचा असतोय. बिल्ल्याबिगर काय मिळत न्हाय."

"मेलेल्या जनावराचा कान कापू? तुजी म्हस असती तर कापला असतास?"

"मग उकरा आता," तो म्हणाला. तुम्ही उठून रिकाम्या गोठ्यात गेलात, ते त्याची सायकल वळणाआड जाईपर्यंत बाहेर आला नाहीत. नंतर मी तो विम्याचा कागद काढून वाचला. चौथीपर्यंतचं वाचणं, बोट ठेवून एकेक शब्द. बिल्ल्याचं लिहिलेलं होतं, खाली बारीक अक्षरात. तुम्ही अंगठा दिला तेव्हा कुणी तुम्हाला ते वाचून दाखवलं नव्हतं, आणि तुम्ही विचारलंही नव्हतं. संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "पोरी, घर बांदशील तवा भिती जाड बांद. कागदावर भरोसा ठिवू नगंस."

बांधल्या, तात्या. बारामतीच्या एमआयडीसीच्या अलीकडं नव्या वसाहतीत माझं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पडवी, वर स्लॅब, आणि भिंती नऊ इंची. प्लॉट माझ्या नावावर. पडवीत खानावळ चालते. कंपनीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत मोटारसायकली काढतात आणि पणदऱ्या-कन्हेरीकडची पोरं माझ्या पिठल्याला नावं ठेवत ठेवत चार चार भाकरी हाणतात. घर आणि खानावळ एवढंच माझं आहे, आणि दोन्ही एकाच छपराखाली. ते एका दिवसात जाऊ शकतं हे मला कळलं मागच्या गल्लीतल्या मास्तरांचं घर जळालं तेव्हा. वायरीनं पेट घेतला. मी बघायला गेले तर भिंती जाड होत्या, उभ्या होत्या, आणि आत काही नव्हतं. मास्तरीणबाई अंगणात एक कढई मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घरी येताना मी ठरवलं, तात्यांचा सल्ला अर्धाच खरा होता.

यांनी कंपनीतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याला धरून आणलं. तो विम्याचा एजंट, पन्नाशीचा, बगलेत रेग्झिनची बॅग. मी स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, हे दोघं पडवीत बसलेत, आणि दार उघडं आहे. एजंट विचारतो, "घराची किंमत किती लावू?" आणि आमचे हे, तात्या, तुमचे जावई, पाहुण्यांना सांगतात तशी छाती फुगवून सांगतात, "साडेतीन लाख. आज इकायला काडलं तर गिऱ्हाईक रांगंत उभं ऱ्हाईल." मग तो विचारतो, "आतल्या सामानाची?" तर यांचा आवाज एकदम खाली. "सामान कसलं आलंय वो? गरिबाची भांडीकुंडी. धा हजार लिवा." सामान जास्त सांगितलं की दृष्ट लागते ना! माझा फ्रिज, टीव्ही, पीठ मळायचं यंत्र, तांब्याचे हंडे, चाळीस ताटं, ज्वारीची पोती, सगळं दहा हजारांत बसवलं माणसानं. एजंटानं हिशेब केला आणि वर्षाचे नऊशे चाळीस रुपये सांगितले. सहीला कागद माझ्याकडं आला.

"नऊशे चाळीस कशाचे?" मी विचारलं.

"इम्याचे, ताई."

"ते मलाबी कळतंय. कशाकशाचे?"

"अगं, कर की सही," हे म्हणाले. "मानूस तासभर बसलाय."

"बसू द्या. च्या दिलाय त्येला."

पिठाचे हात पुसून मी कागदावर बोट ठेवलं. घर, साडेतीन लाख, हजारामागं इतके पैसे. म्हटलं, थांबा. प्लॉट आम्ही घेतला सव्वा लाखाला. बांधायला गेले सव्वा दोन. बेरीज साडेतीन. मी एजंटाला विचारलं, "घर जळालं तर जमीन जळती का?" तो हसला. मी हसले नाही. "सांगा की. घर पडलं तर प्लॉट कुठं जातोय? विटा, सिमेंट, लोखंड, गवंडी, एवढंच पुन्हा लागंल न्हवं? मग सव्वा लाखाचा हप्ता मी कशापायी भरू?" तो बॅगेची चेन उघडून पुन्हा लावत बसला. मग म्हणाला, "साहेबांनी किंमत सांगितली ती मी लिहिली." म्हणजे आमच्या साहेबांची फुशारकी आम्ही दरवर्षी हप्त्यानं फेडणार होतो.

मी हट्टाला पेटले हे बघून त्यानं दुसरी युक्ती काढली. हळूच म्हणाला, "ताई, अजून स्वस्तात बसवतो. खानावळीचं लिहायचंच नाही. राहतं घर म्हणून टाकू. धंदा लिहिला की दर वाढतो." यांचा चेहरा खुलला. खरं सांगू, क्षणभर मलाही मोह झाला होता. पण मग डोळ्यासमोर आलं, आग लागली तर ती माझ्या शेगडीवरूनच लागणार. विम्याचा माणूस चौकशीला येणार, पडवीत चाळीस ताटं बघणार आणि म्हणणार, बाई, हे तर तुम्ही लिहिलंच नव्हतं. त्या वेळी मी कुठल्या गोठ्यात जाऊन तोंड लपवू? मी कागद परत दिला. "मी हापिसात येते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठली तशी मी बारामतीच्या विमा कार्यालयात गेले. पोरीच्या वहीच्या दोन पानांवर सामानाची यादी केली होती, एकूण एक, चमचेसुद्धा. हेही मागं आले, तोंड पाडून. टेबलावरच्या साहेबांनी यादी बघितली, मला वर-खाली बघितलं.

"बाई, शिक्षण किती?"

"चौथी. का, फारमात लिवायचंय?"

शेजारच्या टेबलावरची बाई तोंडाला पदर लावून हसली. साहेब मात्र सरळ माणूस निघाला. त्यानं चष्मा काढून नीट सांगितलं. जमीन धरायची नाही, घर आज नव्यानं बांधायला काय लागेल ते धरायचं. खानावळ लिहायचीच, दर वाढला तरी. दागिने वेगळे दाखवायचे. मी विचारलं, सामान कमी लिहिलं तर काय? तो म्हणाला, "लाखाचं सामान पन्नास हजारांचं म्हणून लिहिलंत आणि त्यातलं वीस हजारांचं जळलं, तर वीस मिळणार नाहीत. दहाच मिळतील." हे म्हणाले, "आसं कसं? पन्नास हजारांचा हप्ता भरलाय, जळालं तर इसाचंच!" साहेब पुन्हा समजावायला लागले, यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी मीच म्हटलं, "अहो, ईस मानसांचं जेवान हाय आणि पैसे धाच जणांचे भरले. मग आलेल्या परत्येकाला अर्धीच भाकरी देणार का न्हाय मी?" साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "बाई, आमच्या एजंटांना शिकवायला या." कार्यालयभर ऐकू गेलं, तात्या. यांनाही ऐकू गेलं.

नवा हिशेब झाला. जमीन गेली तसा हप्ता उतरला, सामान खरं लिहिलं तसा चढला, खानावळ घातली तसा आणखी चढला. आठशे सत्तर. म्हणजे सगळा आटापिटा करून सत्तर रुपये वाचले, आणि बाहेर आल्यावर हे म्हणालेच, "सत्तर रुपयापायी मला आर्ध्या दिवसाची रजा टाकाय लावलीस." मी म्हटलं, "सत्तरापायी न्हाय. ह्या आठशे सत्तरातला एकेक रुपया कशाचा, ते आता मला ठावं हाय. तुमाला हाय का?" पण वडापची जीप मिळेपर्यंत माझी पिशवी त्यांनीच धरली होती, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी असं पहिल्यांदाच घडत होतं. तो कागद मी वाचून घेतला आहे, वरपासून खालपर्यंत, बारीक अक्षरांसकट. बोट ठेवूनच वाचलं, त्याची लाज वाटत नाही. आग लागली तर कुणाला कळवायचं, कशाला हात लावायचा नाही, काय दाखवायचं, सगळं पाठ आहे.

तेव्हापासून वसाहतीतली माणसं माझ्याकडं कागद घेऊन येतात. गल्लीच्या तोंडाला राहणारे ऊसवाले बागायतदार, कारखान्याचे सभासद, गावात मोठं नाव, तेसुद्धा पडवीत बसून म्हणतात, "बघ गं बाई, काय लिवलंय ह्यात." मी आधी विचारते, प्लॉट धरलाय का? धरलेलाच असतो. मग मी ओरडते, ते ऐकून घेतात. मास्तरीणबाईंनी नवं घर बांधलं, तर त्यांचा कागद मी साहेबांच्या समोर बसून करून घेतला. त्या दिवशी जेवायला आलेल्या पोरांना मी गोड शिरा घातला, फुकट.

एक राहिलं. हा विमा वर्षाचा असतो, मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरावे लागतात. सगळ्या गल्लीला मी तारखांची आठवण देते, दारात जाऊन देते. आणि या वर्षी माझीच तारीख गेली. दिवाळीच्या गडबडीत होते, फराळाच्या ऑर्डरी होत्या, आणि कळलं तेव्हा अकरा दिवस उलटले होते. अकरा दिवस मी दोन दोन शेगड्यांवर तेल तापवत होते आणि घरावर विमा नव्हता. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन पैसे भरून आले. यांना सांगितलं नाही, साहेबांनाही म्हटलं, गावाला गेले होते. हे पत्र घडी घालून विम्याच्या कागदांच्या डब्यात जाईल, ते कुठं धाडायचं ते मला माहीत नाही. पण तुम्हाला सांगितलं, तात्या, कारण तुम्ही एकटेच असे आहात, जे गल्लीत कुणाला सांगणार नाहीत.