बाबांचा हिरवा झेंडा

रविवार, १९ जानेवारी. जळगाव.

आज धुळ्याला छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन. जाताना शाळेत पाठ केलेली गाडीची कविता गुणगुणत होतो. येताना तिची एकही ओळ आठवेना.

नरडाण्याचं छोटं स्टेशन मी पावसाळाभर बसून केलं. फलाटावर आगकाडीएवढे बाबा, हातात हिरवा झेंडा. बाबा तिथे पोर्टर होते ना, गाड्यांना झेंडा दाखवायचे. गाडी तिथे अर्धा मिनिट थांबणार, असं मांडणी करणाऱ्या आम्हा पाचही जणांचं ठरलं होतं. रूळ नि गाडी भास्करची. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त.

आणि गाडी थांबलीच नाही. एकदाही! भिंतीवरच्या वेळापत्रकात नरडाणा नव्हतंच. म्हणजे आधीच ठरलेलं, बाकी तिघांनाही ठाऊक. मलाच कुणी सांगितलं नाही.

भास्करला विचारलं, तर सगळ्यांदेखत म्हणतो, "आबा, लोकेसले धावती गाडी पाहिजे. आनि तुना बाप हिरवा झेंडा दखाडी राहिना, मंग गाडी थांबी काबर?" तिघंही हसले.

बरोबरच आहे त्याचं. बाबा हिरवा दाखवतायत, नि हिरवा म्हणजे जा. पण शेवटचा माणूस चढल्याशिवाय बाबा तो झेंडा वर करत नसत, हे मी भास्करलाच किती वेळा सांगितलंय.

बाबांना काडेपेटीत घालून घरी आणलं. आत्ता लाल रंगाची बाटली उघडली, ब्रशही बुडवला. मग धुऊन टाकला. झेंडा हिरवाच राहू दे. बाबांनी कुठे कुणाला फसवलंय?